गोठ्याचे अर्थकारण (भाग ७) : घरचा मका फुकट नसतो

दूध उत्पादनाच्या खर्चात ६० ते ७० टक्के वाटा चारा आणि पशुखाद्याचा असतो, हे मागच्या भागात पाहिले. चार-पाच संकरित गाई सांभाळणारा शेतकरी हिशेबाच्या वहीत पेंडीचे पोते लिहितो, डॉक्टरांची फी लिहितो. रानातला मका मात्र लिहीत नाही, कारण तो ‘घरचाच’ असतो. नफ्याचा आकडा चुकतो तो इथेच.

एक एकर मका घ्या. दाण्यासाठी ठेवला तर २५ क्विंटल निघेल असे धरू. २०२५-२६चा हमीभाव क्विंटलला २,४०० रुपये, म्हणजे ६० हजार. तोडणी-मळणीचे दहा हजार वजा केले की उरले ५० हजार. हाच मका चिकात असताना कापला तर सुमारे १८ टन वैरण मिळेल. म्हणजे कुट्टी करण्याआधीच ती किलोला पावणेतीन रुपयांना पडली. त्यावर कापणी, कुट्टी, बॅगा आणि मुरताना होणारी घट. गाईला रोज २० किलो मुरघास घालताना हा खर्च लिटरमागे मांडलाच पाहिजे.

पण बाजारात हमीभाव मिळेलच असे नाही. क्विंटलला १,८०० मिळाले तर तीच वैरण किलोला दोन रुपयांच्या आत येते आणि मुरघास करणे सरळ फायद्याचे ठरते. लहान शेतकऱ्यासाठी मक्याची खरी ताकद ही आहे. पेरताना काहीच ठरवावे लागत नाही. दाणा चिकात येईपर्यंत, साधारण ऐंशी दिवस, भाव पाहत थांबता येते. उसात ही सोय नाही.

आता पाणी. मक्याला हंगामात सुमारे ५०० मिलिमीटर पाणी लागते, म्हणजे एकरी २० लाख लिटर. १८ टनांतली दहा टक्के घट सोडली तर त्यावर एका गाईचे आठशे दिवस निघतात. दिवसाला अडीच हजार लिटर! गाय पिते ते ७०-८० लिटर. बारा लिटर दूध देणाऱ्या गाईच्या प्रत्येक लिटरमागे नुसत्या मुरघासाचेच दोनशे लिटर पाणी खर्ची पडते. खरिपात यातला बहुतेक भाग पाऊस देतो, उन्हाळ्यात तो सगळा विहिरीतून उपसावा लागतो. म्हणून उन्हाळी मका करून हिरवा चारा घालण्यापेक्षा खरिपाचा मका मुरवून उन्हाळ्यात वापरणे केव्हाही शहाणपणाचे, असे माझे ठाम मत आहे. टंचाईच्या तालुक्यांत तर दुसरा मार्गच नाही.

मुरघास चांगला साधायचा तर वैरणीत कोरडा भाग ३० ते ३५ टक्के हवा. कुट्टी मुठीत दाबल्यावर पाणी गळले तर कापणीची घाई झाली. बॅग किंवा खड्डा हवाबंद करून किमान ४५ दिवस उघडू नये. आणि नुसत्या मुरघासावर गाय दूध देणार नाही. त्यात प्रथिने जेमतेम आठ टक्के, दुधाळ गाईला लागतात जवळपास दुप्पट. बांधाकडेच्या तुकड्यात लसूणघास किंवा चवळी लावली तर पेंडीवरचा खर्च नक्की कमी होतो.

यंदा मका कापण्याआधी बाजारसमितीतला त्या दिवसाचा भाव वहीत लिहा आणि त्या भावाने वैरण गोठ्याला ‘विकत’ द्या.