तहानलेला कागद

घाटकोपर स्टेशनबाहेर वडापाव घेतला की वड्याखालच्या कागदाला तेल लागतंच. (खाण्याचे पदार्थ वर्तमानपत्रात देऊ नयेत, हे आपण ऐकतो आणि खातो.) त्याच कागदावर कटिंग सांडला तर बघा, कोऱ्या भागात चहा झरझर पसरतो, तेलाच्या डागापाशी अडतो. पाणी ओढणारा पंप आणि त्याला थोपवणारी भिंत, दोन्ही एकाच कागदात.

हार्वर्डमधल्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने 2007 मध्ये नेमकं हेच केलं. तेलाच्या जागी त्यांनी फोटोरेझिस्ट नावाचं रसायन वापरलं. कागदावर फांद्या फुटलेला पाट आखला. खालचं टोक लघवीच्या थेंबात बुडवलं की थेंब आपणहून वर चढे. एका फांदीच्या टोकाला साखर कळे, दुसरीच्या टोकाला प्रथिनं. ना वीज, ना पंप. 2009 पर्यंत भिंती मेणाच्या झाल्या. प्रिंटरने मेण छापायचं, कागद तापवायचा, मेण आरपार उतरतं. ते आडवंही पसरतं, म्हणून पाट आधीच थोडा रुंद आखायचा.

याच कुळातली पट्टी आपण सगळ्यांनी कोरोनात हाताळली. घरी करायच्या चाचणीला देशात पहिली मान्यता मिळाली ती पुण्याच्या मायलॅबच्या 'कोविसेल्फ'ला, मे 2021 मध्ये; तेव्हा किंमत होती 250 रुपये. अशा बहुतेक पट्ट्यांत सोन्याचे अतिसूक्ष्म कण वाळवून ठेवलेले असतात. थेंब त्यांना सोबत घेऊन सरकतो आणि विषाणूचं प्रथिन असेल तर कण 'टी' रेघेवर अडकतात. सोनं इतकं बारीक झालं की लाल दिसतं.

कागद पंप म्हणून तसा आळशीच. पहिला सेंटिमीटर अर्ध्या मिनिटात गाठला, तर दोन सेंटिमीटरला दोन मिनिटं लागतात. ओला भाग लांबतो तसा पाण्याला होणारा विरोध वाढतो. वॉशबर्न या शास्त्रज्ञाने 1921 मध्येच हे गणित मांडलं होतं.

मुलुंडला आमच्या घरी अशीच एक पट्टी ओट्यावर विसरली. तासाभराने पाहिलं तर 'टी'वर फिकट रेघ! अख्खं घर मास्क लावून बसलं. मग कोणीतरी पत्रक वाचलं : 20 मिनिटांनंतरचा निकाल धरू नये. पट्टी सुकू लागली की टोकाच्या गादीत शोषलेलं पाणी उलटं फिरू शकतं आणि रंगाचे सुटे कण भलतीकडे बसतात. दुसरी पट्टी मोबाइलवर गजर लावून केली. एकच रेघ आली, पट्टी नीट चालल्याचं सांगणाऱ्या 'सी'वरची.