लग्न झाले? पीएफचे नामांकन नव्याने भरा

आपल्या हुबळी-धारवाडच्या घरांत लग्न झाले की आहेर, गोंधळ सगळे आठवणीने होते. ऑफिसचे कागद तेवढे मागे पडतात. १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी योजनेप्रमाणे लग्नाआधीचे नामांकन लग्नानंतर रद्द ठरते. ते नव्याने भरले नाही, तर नोकरदाराच्या पश्चात घरच्यांना हेलपाटे पडतात. नव्या नामांकनात पती किंवा पत्नीसोबत अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही हिस्सा देता येतो. लग्नाविना एकत्र राहणारा जोडीदार मात्र या योजनेच्या ‘कुटुंबा’त बसत नाही.

उपनिबंधक कार्यालयात विवाहनोंदणी करून घ्या, यूएएन पोर्टलवर ई-नामांकन भरा आणि कंपनीच्या आरोग्यविम्यात जोडीदाराचे नाव घालण्याची मुदत ऑफिसात लगेच विचारा. जुन्या जोडप्यांनीही एकदा तपासून पाहावे, ही आमची विनंती.