घरपोच किराणा वितरणातील शेवटचा टप्पा : पनवेल परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना : किराणा माल घरपोच मिळणे ही पनवेलकरांना नवी गोष्ट नाही. वाण्याकडे महिन्याची यादी द्यावी आणि दुकानातील गड्याने संध्याकाळपर्यंत सामान घरी आणून टाकावे, हा परिपाठ संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे. नवे आहे ते या सेवेचे प्रमाण आणि तिच्यामागील वेळेची सक्ती. तिच्यातील अडचणींचा विचार करताना प्रथम अंतराकडे लक्ष जाते. परंतु तुर्भे येथील घाऊक बाजारपेठ पनवेलपासून अवघ्या वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. तेथून भरलेला ट्रक पनवेलच्या गोदामापर्यंत आणणे तुलनेने सोपे व स्वस्त असते. खरा खर्च गोदामाच्या दारापासून ग्राहकाच्या दारापर्यंतच्या दोन-तीन किलोमीटरांत होतो.

विवेचन : पनवेलमध्ये हा शेवटचा टप्पा गुंतागुंतीचा होण्यास शहराची घडणही कारणीभूत आहे. १८५२ मध्ये नगरपालिका लाभलेले जुने पनवेल आणि सिडकोने वसविलेल्या खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल या वसाहती २०१६ मध्ये एका महानगरपालिकेत आल्या; पत्त्यांची पद्धत मात्र एक झाली नाही. जुन्या शहरात टपाल नाका, लाइन आळी, मिरची गल्ली अशा खुणांवरून घर शोधावे लागते. वसाहतींत सेक्टर व भूखंड क्रमांक आहेत. पण ‘सेक्टर ११’ खारघरमध्येही आहे, कामोठ्यातही आणि नवीन पनवेलमध्येही. ४१०२०६ हा एकच पिनकोड जुन्या आणि नवीन पनवेलला पुरतो, आणि या दोहोंच्या मध्ये रेल्वेमार्ग आहे. नकाशावर जवळ दिसणारे घर त्यामुळे प्रत्यक्षात बराच वळसा घालायला लावते. पुढे सोसायटीच्या फाटकावरील नोंद, उद्वाहनाची प्रतीक्षा, आणि पती-पत्नी दोघेही नोकरीनिमित्त मुंबईस गेल्याने बंद असलेले दार! दूध व पालेभाजीच्या बाबतीत बंद दार म्हणजे केवळ दुसरी फेरी नव्हे, मालाचे नुकसानही होय.

या सर्वांचे मूळ गणित साधे आहे. एका टेम्पोच्या फेरीचा खर्च ६०० रुपये मानला आणि तीत ३० घरे झाली, तर दर घरामागे २० रुपये पडतात. १० घरे झाली तर ६०. किराण्यातील अल्प नफ्यात हा फरक निर्णायक ठरतो. अमेरिकेतील वेबव्हॅन ही कंपनी प्रचंड भांडवल असूनही २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली. मुंबईतील लोकलबनियाची सेवाही २०१५ मध्ये थांबली. ग्राहक मिळविणे आणि एका फेरीत पुरेशी घरे मिळविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्रात पूर्वीच शोधले गेले होते. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीच्या वितरण पद्धतीत शेजारपाजारची कुटुंबे संघ करतात, महिन्याची मागणी आगाऊ नोंदवितात, आणि सर्वांचा माल संघातील एकाच घरी उतरतो. तेथून ज्याने-त्याने तो न्यावयाचा. शेवटचा टप्पा येथे ग्राहक स्वतःच उचलतो. म्हणून तो स्वस्त पडतो. अर्थात, संध्याकाळी संपलेल्या साखरेवर या पद्धतीत उपाय नाही.

तो उपाय द्रुत वितरणाने देऊ केला. २०२१ मध्ये मुंबईत सुरू झालेली झेप्टो आणि त्याच वर्षी ग्रोफर्स हे नाव टाकून ब्लिंकिट झालेली कंपनी यांनी वस्तीलगत छोटी गोदामे उभारून मिनिटांत माल पोचविण्याचा मार्ग धरला. त्यामुळे अंतर घटले; पण अनेक घरांचा माल एका फेरीत नेण्याची सवड उरली नाही. एक-दोन पिशव्यांसाठी एक दुचाकी आणि एक माणूस, असा हा हिशेब आहे. ताशी उत्पन्न खेपांवर अवलंबून असल्याने फाटकावर वा चुकलेल्या सेक्टरमध्ये गेलेला वेळ त्या माणसाच्या कमाईतून जातो. पावसाळ्यात हा भार अधिकच जाणवतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगारांना प्रथमच कायद्यात स्थान दिले. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के, मात्र कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांच्या मर्यादेत, त्यांच्या सुरक्षा निधीस द्यावयाचे आहेत. एका खेपेस किती वेळ असावा, याविषयी संहितेत तरतूद नाही.