घराचे छप्पर कशाचे करावे?

घर बांधू इच्छिणारा मनुष्य छपराच्या साहित्याची प्रथम किंमत विचारतो. ते स्वाभाविकच आहे. परंतु त्याआधी दोन प्रश्न विचारावयास हवेत. या छपराचे वजन किती, आणि उन्हात ते उष्णतेचे काय करते? पावसाचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. पाऊस फार तेथे पाख्यांचा उतार तीव्र ठेवावा व वळचण लांब काढावी, हे कोकण-मलबारातील सुतारांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. लडाखात पाऊस अत्यल्प, म्हणून तेथे मातीचे सपाट धाबे चालते.

एक चौरस मीटर पन्हाळी लोखंडी पत्रा ५-६ किलोग्रॅम भरतो. तेवढ्याच जागेवरील मंगलोरी कौले सुमारे ४० किलोग्रॅम, १० सेंटिमीटर जाडीचा काँक्रीटचा स्लॅब २५० आणि अर्धा मीटर मातीचे धाबे ८०० किलोग्रॅमच्या घरात जाते. जमीन हादरते तेव्हा छपरामुळे भिंतींवर येणारा आडवा जोर त्याच्या वजनाबरोबर वाढतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, त्यात आठ ते दहा हजार माणसे दगावली. मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या भिंती ढासळल्या आणि दगड-मातीचा ढीग झोपलेल्यांवर आला. सगळा दोष माळवदाचा नव्हे. अनेक घरांतील लाकडी खणांचे सांगाडे उभेच राहिले होते. तरीही दुबळ्या भिंतीवर जड छप्पर चढविणे म्हणजे संकटास निमंत्रणच होय. आसामात १८९७ च्या महाभूकंपानंतर लाकडी चौकट, बोरूच्या कुडाच्या सारवलेल्या भिंती आणि वर हलका पत्रा, अशी घरे रूढ झाली. मात्र हलके छप्पर वादळात उडते. ओडिशासारख्या किनाऱ्यावर पत्रा वाशांना, वासे भिंतींना व भिंती पायाला घट्ट जखडलेल्या हव्यात. नुसते दगड ठेवून भागत नाही.

आता उष्णता. पत्रा लवकर तापतो व लवकर निवतो. दुपारी त्याखाली बसवत नाही, पण रात्र सुसह्य असते. त्याखाली बांबूच्या चटईचे तक्तपोशी छत बसवून मधल्या पोकळीतील तापलेल्या हवेस वर वाट ठेवली, तर पुष्कळ फरक पडतो. स्लॅबचे वागणे याउलट. तो दिवसभर ऊन साठवितो आणि त्याची खालची बाजू संध्याकाळी सर्वांत तापते, म्हणजे नेमकी माणसे घरी परततात तेव्हा! यावर सर्वांत स्वस्त उपाय चुन्याच्या पांढऱ्या हाताचा. पांढरा पृष्ठभाग बहुतेक ऊन परतवितो. धूळ बसून तो काळवंडतो, म्हणून दर उन्हाळ्याआधी हात पुन्हा द्यावा. केरळात लॉरी बेकर यांनी आणखी एक युक्ती प्रचारात आणली. स्लॅबच्या खालच्या भागात ताण पडतो. तो सळ्या सोसतात, तेथील काँक्रीट जवळजवळ निरुद्योगीच असते. त्या जागी त्यांनी कौले घातली. सिमेंट वाचले, वजन घटले आणि कौलांमधील कोंडलेल्या हवेने उष्णतेस थोडा अटकावही झाला.

कौलांविषयी प्रस्तुत लेखकाचे मत अनुकूल आहे. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कारखाना काढला, तेव्हापासून ती देशभर पसरली. फटींतून हवा खेळते आणि फुटलेले एक कौल तेवढे बदलता येते. पावसाळ्यापूर्वीची परतणी चुकत नाही आणि माकडांचा उपद्रव असल्यास खर्च वाढतो, हे मात्र गृहीत धरावे.

सिमेंटच्या पत्र्यांबाबत सावधगिरी हवी. स्वस्त म्हणून आपल्याकडे आजही खपणाऱ्या या पत्र्यांपैकी पुष्कळांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. ते श्वासावाटे फुप्फुसात गेल्यास कित्येक वर्षांनी कर्करोग उद्भवू शकतो, आणि याच कारणास्तव अनेक देशांनी त्यांवर बंदी घातली आहे. नवे घर बांधताना ते घेऊ नयेत. जुने पत्रे छपरावर असतील तर घाबरून ते फोडू नयेत. धोका मुख्यतः कापताना, भोके पाडताना व तुटताना उडणाऱ्या धुळीत असतो. काढणे भागच पडले, तर ते पाण्याने भिजवून, जाणत्या माणसाकडून, न मोडता अखंड उतरवून घ्यावेत आणि मुलांना त्या वेळी दूर ठेवावे.