हिरव्याच्या पोटी निळा

कोल्हापूरला जनावराची पारख शिकवावी लागत नाही. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी धुऊन-सजवून, शिंगं रंगवून रस्त्यावर मिरवणारं हे गाव. इथं म्हैस बघायला गेलेला माणूस आधी तिची आई विचारतो, रेडा विचारतो आणि मगच दुधाकडे वळतो. पेठांमधल्या गच्च्यांवर कबुतरांच्या ढाबळी आहेत आणि कोणतं कबूतर कोणत्या जोडीचं, हे नादी माणसाला तोंडपाठ असतं. ही सगळी चौकशी गॅलरीतल्या पिंजऱ्यापाशी आली की मात्र थांबते. लव्हबर्ड म्हणून घरी आणलेल्या रंगीत पक्ष्यांच्या जोडीबद्दल आपण एकच गोष्ट विचारतो, रंग कोणता?

खरं तर या पक्ष्यांत रंगाचा प्रश्न आणि आई-बापाचा प्रश्न एकच आहे. आपल्याकडे लव्हबर्ड म्हणून विकला जाणारा बहुतेक पक्षी म्हणजे बजरीगार, नादी लोकांच्या तोंडी ‘बजी’. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले आणि बांध्याने आखूड, बजी ऑस्ट्रेलियातला. तिथल्या कोरड्या माळरानावर तो थव्याने हिंडतो, पाऊस पडून गवताला बी धरलं की झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. रानातला बजी जेमतेम तीस ग्रॅमचा असतो आणि रंगाने एकच: अंग हिरवं, तोंड पिवळं, डोक्यावर आणि पंखांवर काळ्या लहरी. जॉन गूल्ड या इंग्रज पक्षीतज्ज्ञाने १८४० साली जिवंत बजी इंग्लंडला नेले. आज निळा, पिवळा, पांढरा, जांभळट, कवडा असा जो जो बजी दुकानात दिसतो, तो त्या हिरव्या पक्ष्यापासून माणसाच्या पिंजऱ्यात वाढत गेलेला आहे.

पहिल्यांदा जोडी लावणारा माणूस हमखास एका ठिकाणी चक्रावतो. नर हिरवा, मादी हिरवी, आणि मडक्यातल्या पाच पिल्लांपैकी एकाला पिसं फुटतात ती निळी. मग दुकानदाराने फसवलं इथपासून मादीवर संशय घेण्यापर्यंत तर्क चालतात. पिल्लू त्याच जोडीचं असतं. ते कसं, हे समजायला आधी पीस नीट बघावं लागतं.

निळ्या बजीच्या पिंजऱ्याच्या तळाशी पोटावरचं एखादं गळालेलं पीस सापडलं तर उचलून ठेवा. खिडकीकडे पाठ करून तळहातावर बघा, स्वच्छ निळं दिसेल. आता तेच पीस खिडकीसमोर, उजेडाच्या आड धरा. निळेपणा निघून जातो आणि मळकट करडं काहीतरी हातात उरतं. याचं कारण असं की त्या पिसात निळा रंग नावाचा पदार्थच नाही. पिसाच्या बारीक काड्यांत केराटिनचा, म्हणजे आपली नखं ज्याची बनतात त्याच प्रथिनाचा, अतिसूक्ष्म जाळीदार थर असतो. या जाळीची भोकं केसाच्या जाडीपेक्षा शेकडो पटींनी बारीक. तिच्यावर पडलेल्या उजेडातला निळा भाग विखरून परत येतो. बाकीचा उजेड आत जातो आणि गाभ्यातलं काळं मेलॅनिन तो शोषून घेतं. निळाई येते ती या रचनेतून.

हिरव्या बजीतही हीच रचना आहे. फक्त तिच्या वरच्या भागात एक पिवळं रंगद्रव्य भरलेलं असतं आणि पिवळ्या काचेतून निळी भिंत हिरवी दिसावी तसं ते पीस हिरवं दिसतं. हे पिवळं रंगद्रव्य पोपटांच्या कुळाचं स्वतःचं आहे, त्याला सिटॅकोफल्विन म्हणतात. कॅनरीचा पिवळा रंग खाण्यातल्या कॅरोटिनॉइडमधून येतो, पोपट मात्र आपला पिवळा आणि लाल रंग पीस वाढत असताना तिथेच तयार करतात. त्यामुळे अमुक चारा घातला की बजी निळा होतो, हे जे कानावर येतं त्यात तथ्य नाही.

एवढं कळलं की रंगांची अर्धी कोडी सुटतात. हिरव्यातून पिवळं रंगद्रव्य वजा झालं की निळा उरतो. हिरव्यातून मेलॅनिन वजा झालं तर मागचा काळा पडदाच नाहीसा होतो, निळाई टिकत नाही आणि पिवळा धमक, लाल डोळ्यांचा पक्षी दिसतो, तो लुटिनो. दोन्ही वजा झाली की पांढराशुभ्र अल्बिनो. पिंजऱ्यातली ही सगळी श्रीमंती बहुतांशी वजाबाकीतून आलेली आहे. ज्याला दुकानात सर्वांत कमी भाव मिळतो, तो साधा हिरवा बजीच रंगांच्या बाबतीत पूर्ण पक्षी आहे.

पिवळे पक्षी युरोपात १८७०च्या दशकातच दिसू लागले होते. निळा बेल्जियममध्ये १८७८च्या सुमारास निघाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो लंडनच्या प्रदर्शनांत आला, १९२०च्या दशकात जपानमध्ये निळ्या जोड्यांसाठी लोकांनी अफाट पैसे मोजले. त्याच दशकात जर्मनीतल्या ब्रेमेन शहरात हान्स डुंकर नावाच्या शाळामास्तराने, क्रेमर या धनिक पक्षीपालकाच्या पिंजऱ्यांतल्या जोड्या लावून, कोणता रंग कोणत्या नियमाने पुढच्या पिढीत उतरतो याचा हिशेब मांडला. मेंडेलने वाटाण्यावर शोधलेले नियम बजीला चपखल लागू पडले. निळेपणा हा त्या नियमांतला ‘अप्रभावी’ गुण. पक्ष्याला प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक बापाकडून आणि एक आईकडून. पिवळं रंगद्रव्य बनवणारी एक प्रत जरी धड असली तरी पक्षी हिरवाच दिसतो. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तरच निळा. ज्या हिरव्या पक्ष्यात एक प्रत बिघडलेली लपून असते त्याला पाळणारे ‘स्प्लिट’ म्हणतात. तसे दोन स्प्लिट जोडीला आले की प्रत्येक पिल्लू निळं निघण्याची शक्यता चारात एक. याचा अर्थ चार पिल्लांत एक निळं निघेलच असा नाही. प्रत्येक अंड्यागणिक ही सोडत नव्याने निघते. कधी सलग दोन विणी सगळी हिरवीच निघतात, कधी एकाच विणीत तीन निळी.

ती बिघडलेली प्रत नेमकी कुठली, हे समजायला मात्र २०१७ साल उजाडावं लागलं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या थॉमस कुक, कार्लोस बुस्तामांते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सेल’ या नियतकालिकात तो शोध प्रसिद्ध केला. हिरव्या आणि निळ्या बजींची जनुकं ताडून बघताना ते एका जनुकापाशी येऊन थांबले. या जनुकातून बनणाऱ्या प्रथिनाच्या अमिनो आम्लांच्या लांब साखळीत ६४४व्या जागी हिरव्या पक्ष्यात आर्जिनिन असतं, निळ्यात तिथे ट्रिप्टोफॅन येतं. फरक एवढाच. संशोधकांनी पुढे हिरव्या पक्ष्याचं जनुक चक्क यीस्टमध्ये घातलं, आणि यीस्ट पिवळं रंगद्रव्य बनवू लागलं. निळ्या पक्ष्याची प्रत घातली तेव्हा ते बनलं नाही. एका कडीच्या बदलाने पक्ष्याचा रंग फिरतो, हे इतकं स्वच्छ दाखवणारे प्रयोग फार थोडे आहेत. मला स्वतःला हा प्रयोग अतिशय सुंदर वाटतो.

लुटिनोचा हिशेब वेगळा आहे आणि पाळणाऱ्याला तो सर्वांत उपयोगी पडतो. माणसात दोन वेगळी लिंगगुणसूत्रं पुरुषाकडे असतात, पक्ष्यांत ती मादीकडे असतात. नराकडे झेड-झेड, मादीकडे झेड-डब्ल्यू. लुटिनोचा गुण झेडवर बसलेला आहे. मादीकडे झेड एकच असल्यामुळे तिच्यात तो लपून राहू शकत नाही. म्हणून मादी लुटिनोची स्प्लिट कधीच नसते, आणि तसं सांगून कोणी मादी विकत असेल तर तो चुकीचं सांगतो आहे. लुटिनो नर आणि निखळ हिरवी मादी अशी जोडी लावली तर सगळ्या मुली लुटिनो आणि सगळे मुलगे हिरवे निघतात. डोळे अजून उघडलेले नसतात, तरी पातळ पापणीतून लालसर झाक दिसते ती मादी, काळसर दिसतो तो नर. पिसं फुटायच्या आधी नर-मादी ओळखण्याची ही युक्ती या एका जोडीत पक्की चालते. जोडी उलटी, म्हणजे नर निखळ हिरवा आणि मादी लुटिनो केली, तर एकही पिल्लू लुटिनो दिसत नाही. एरवी नर-मादी ओळखतात चोचीवरच्या मांसल भागावरून. वयात आलेल्या नराचा तो निळा, मादीचा तपकिरी. लुटिनो आणि अल्बिनो नराचा मात्र तो मोठेपणीही गुलाबी-जांभळटच राहतो आणि इथे अनुभवी माणूसही फसतो.

गडद रंगांची तऱ्हा आणखी निराळी. तिथे एक प्रत आली की रंग एक पायरी गडद होतो, दोन आल्या की दोन पायऱ्या. फिका हिरवा, गडद हिरवा, ऑलिव्ह. निळ्यात आकाशी, कोबाल्ट, मॉव्ह. फिका हिरवा आणि ऑलिव्ह यांची जोडी लावली तर सगळी पिल्लं मधल्या गडद हिरव्याची होतात.

या सगळ्या खटाटोपात पक्ष्यांना स्वतःला काय दिसतं, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. बजीला अतिनील उजेडही दिसतो. त्याच्या डोक्यावरची पिवळी पिसं हा अतिनील उजेड शोषून पिवळी चमक बाहेर टाकतात. २००२ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासात काही पक्ष्यांच्या डोक्याला उन्हापासून बचाव करणारं मलम लावून ही चमक झाकली, तेव्हा विरुद्धलिंगी पक्ष्यांचा त्यांच्यातला रस कमी झाला. पांढऱ्या तोंडाच्या निळ्या बजीकडे ते पिवळं द्रव्यच नसतं. आपण आपल्या डोळ्यांसाठी जो रंग घडवला, त्यात पक्ष्याची स्वतःची एक खूण पुसली गेली आहे. तरीही निळे बजी जोडी जमवतात, पिल्लं वाढवतात. फक्त निवड आपण केली आहे, त्यांनी नव्हे, एवढं लक्षात असावं.

खरी काळजी वेगळीच आहे. लपलेला रंग पटकन उघडा पाडण्याचा सोपा मार्ग म्हणजे भावंडं एकमेकांना लावणं, किंवा बापाला मुलगी. दोघांतही तीच बिघडलेली प्रत असण्याची शक्यता जास्त, म्हणून रंग लवकर निघतो. पण त्याच न्यायाने दुसऱ्या कितीतरी जनुकांच्या बिघडलेल्या प्रतीही जोडीने समोर येतात. अंडी भरत नाहीत, पिल्लं अंड्यातच मरतात, निघाली तर अशक्त राहतात. बऱ्याच घरांत हे ठरवून होत नाही. एकाच मडक्यातली दोन पिल्लं ‘जोडी’ म्हणून विकली जातात आणि घेणाऱ्याला ती भावंडं आहेत याचा पत्ता नसतो. पेठेतल्या ढाबळीवाल्याने असं कबूतर कधी लावलं नसतं.

दुसरा भार मादीवर पडतो. ती एक दिवसाआड अंडं घालते, एका विणीत चार ते सहा, आणि साधारण १८ दिवस उबवते. पिल्लं महिनाभराने मडक्याबाहेर येतात. रानात हे सगळं पावसाच्या आणि गवताच्या बियांच्या बोलीवर चालतं. पिंजऱ्यात दाणा बारमाही, मडकं बारमाही, त्यामुळे मादी थांबत नाही. अंगातलं कॅल्शियम संपतं, अंडं अडकतं आणि रंगासाठी आणलेली मादी रात्रीत जाते. वर्षाला दोन विणींनंतर मडकं काढून घेतलं पाहिजे. पिंजऱ्यात समुद्रफेस टांगलेला हवा. भोगीला आपण ज्याचा भात करतो ते राळे बजीचं आवडतं धान्य आणि लक्ष्मीपुरीत ते मिळतंही, पण नुसत्या दाण्यावर पक्षी धड राहत नाही. त्याला ‘अ’ जीवनसत्त्वासाठी पालेभाजी, कोथिंबीर, किसलेलं गाजर रोज थोडं लागतं. कोल्हापूरच्या जून-जुलैत धान्याला आणि मडक्यातल्या भुश्श्याला ओल धरून बुरशी येते. त्या दिवसांत वीण न घेतलेलीच बरी.

कायद्याचंही सांगायला हवं. आपला देशी पोपट, मग तो कंठवाला असो वा डोंगरी, पाळणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. बजी परदेशी आणि पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेला, त्याला ती बंदी नाही. विकणाऱ्या दुकानांना मात्र २०१८च्या नियमांनुसार नोंदणी लागते. आणि दया आली म्हणून बजी रंकाळ्यावर नेऊन सोडणं ही दया नव्हे. पांढरा किंवा पिवळा बजी कावळ्या-शिक्र्यांना लांबून दिसतो आणि दाणा कुठे शोधायचा हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं.

म्हैस घेताना जो प्रश्न आपल्या ओठावर येतो तो या तीस ग्रॅमच्या पक्ष्यालाही लागू करावा, एवढीच माझी मागणी आहे. पिल्लू आठवड्याचं असताना पायात बंद रिंग घालता येते. तीन लांब बोटं एकत्र धरून रिंग सरकवायची आणि मागे दुमडलेलं छोटं बोट काडीने हलकेच सोडवायचं. मग साध्या वहीत रिंगचा नंबर, बाप, आई, जन्मतारीख आणि रंग लिहायचा. दोन-तीन विणींतच कोण स्प्लिट आहे ते वही सांगू लागते आणि भावंडं न लावताही निळा कुठून काढायचा हे कळतं. घरी बजी असतील तर ही वही आजच घाला. जोडी विकत घेणार असाल तर रंग बघण्याआधी दोघांचे आई-बाप विचारा, आणि उत्तर मिळालं नाही तर नर एका ठिकाणाहून घ्या, मादी दुसऱ्या ठिकाणाहून.