मिडगार्ड : पापण्यांच्या कुंपणातले जग

नॉर्स पुराणकथांत माणसांच्या जगाला मिडगार्ड म्हणतात. अर्थ साधा आहे : मधले आवार. यातला ‘मिड’ आणि संस्कृतातला ‘मध्य’ एकाच कुळातले. ‘गार्ड’चे नाते भाषाशास्त्रज्ञ ‘गृह’शी जोडतात. तेव्हा मराठी वाचकाला हे नाव दिसते तितके परके नाही. चौथ्या शतकात गॉथिक भाषेत बायबल आणताना बिशप वुल्फिलाने माणसांनी वसलेल्या पृथ्वीसाठी याच नावाचे गॉथिक रूप वापरले. टोल्किनच्या कथांतल्या ‘मिडल-अर्थ’चे मूळही या नावाच्या जुन्या इंग्रजी रूपात आहे.

आवार म्हटले की कुंपण आले. ओडिन, विली आणि वे या तीन भावांनी इमिर या आदिम राक्षसाला मारले. त्याच्या मांसाची जमीन झाली, रक्ताचा समुद्र, हाडांचे डोंगर, कवटीचे आकाश. आणि पापण्यांच्या केसांचे कुंपण. कुंपणाबाहेर राक्षस, आत आस्क आणि एम्ब्ला, म्हणजे समुद्रकाठी सापडलेल्या दोन झाडांपासून घडवलेले पहिले पुरुष-स्त्री. वर देवांच्या आस्गार्डकडे जायला बिफ्रॉस्ट हा पूल.

समुद्रात मात्र लोकी या देवाचा मुलगा यॉर्मुंगांड हा सर्प मिडगार्डला वेढा घालून, स्वतःचे शेपूट तोंडात धरून पडलेला. थोर या देवाने बैलाचे मुंडके गळाला लावून त्याला ओढले, तेव्हा थोरचे पाय होडीचा तळ फोडून खाली गेले, असे आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसनने 1220च्या सुमारास लिहिले. स्नोरी ख्रिस्ती होता. जुन्या देवांच्या कथांत त्याने पदरचे किती घातले, ही शंका रास्तच. हा तपशील तरी त्याच्या पदरचा नव्हे. स्वीडनमधल्या आल्टुना येथील अकराव्या शतकातल्या शिळेवर होडीच्या तळातून बाहेर आलेला थोरचा पाय कोरलेला आहे.

जगबुडीच्या लढाईत, रॅग्नारॉकमध्ये, थोर सर्पाला मारतो आणि नऊ पावलांवर त्याच्या विषाने कोसळतो. जमीन बुडते, पुन्हा वर येते. लीफ आणि लीफथ्रासिर हे जोडपे रानात लपून, दवावर जगून वाचते.

मिडगार्डची पाटी म्हणावी अशी एक शिळा स्वीडनच्या सॉदरमानलांड प्रांतात फ्युरब्यू येथे आहे. वडिलांच्या स्मरणार्थ ती उभारणारे दोन भाऊ रून लिपीत मिडगार्डमध्ये सर्वांत निष्णात होते, असे तिच्यावर कोरले आहे.