कृषिविषयक कार्यक्रमांची ध्वनितबकडी

इ. स. १९५६ मध्ये पुणे आकाशवाणीच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांत शेतकरी मंडळे चालविण्यात आली. सभासदांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा व त्यावर चर्चा करावी, अशी ती योजना होती. आज आकाशवाणीचे कार्यक्रम इंटरनेटवरही ऐकता येतात. तथापि वाशीम जिल्ह्यात खरिपाच्या दिवसांत सोयाबीन-तुरीच्या कामात गुंतलेल्या शेतकऱ्यास प्रसारणाची वेळ साधतेच असे नाही. अशा मंडळींकरिता ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने कार्यक्रम ध्वनिमुद्रित करून ठेवावा.

याकरिता विंडोज संगणकावर ‘ऑडॅसिटी’ ही विनामूल्य प्रणाली वापरावी. तीत ‘वासापी’ हा पर्याय व मुद्रणासाठी ‘लूपबॅक’ असे लिहिलेले साधन निवडावे. म्हणजे खोलीतील गोंगाट न येता केवळ संगणकातील आवाज टिपला जातो. प्रथम एक मिनिटाची चाचणी घ्यावी. मुद्रण पूर्ण होताच ‘वेव्ह’ स्वरूपात, ४४,१०० हर्ट्झ व १६ बिट ठेवून ते जतन करावे. नंतर सीडी रायटरच्या साहाय्याने कोऱ्या सीडी-आर तबकडीवर ‘ऑडिओ सीडी’ म्हणून उतरवावे. एका तबकडीवर सुमारे ८० मिनिटांचा मजकूर मावतो.

एक दक्षता अवश्य घ्यावी. बीजप्रक्रियेची माहिती पुढील हंगामातही उपयोगी पडते. हवामानाचा अंदाज मात्र थोड्याच दिवसांत शिळा होतो. जुना अंदाज ताजा समजून पेरणी केल्यास दुबार पेरणीचे संकट ओढवते. म्हणून अंदाजाचा भाग वगळावा व प्रत्येक तबकडीवर विषय आणि प्रसारणाची तारीख ठळक लिहावी.